चार पिना बसतात, पाचवीवर कुलूप अडतं: नवशिक्यांसाठी तपासणी

पिकने, म्हणजे किल्लीच्या खाचेत घालायच्या पातळ पोलादी पट्टीच्या अवजाराने, कुलूप उघडायला शिकणारा माणूस पहिल्या पंधरवड्यातच एका ठरावीक जागी येऊन थांबतो. कुलपातली एक पिन योग्य उंचीवर बसली, दुसरी बसली, बारीक टिकटिक ऐकू आली, प्लग (किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग) केसभर फिरला आणि पुढे काहीच नाही. प्लग फिरवण्यासाठी दिलेला ताण सोडला की सगळ्या पिना खाली. पुन्हा पहिल्यापासून. कधी तरी अचानक कुलूप उघडतं, पण का उघडलं ते समजत नाही आणि नंतरच्या वीस प्रयत्नांत ते परत उघडत नाही. मग नवे पिक मागवले जातात, किंवा हॅक्सॉ ब्लेड घासून घरीच आणखी एक बनवला जातो. अडचण असते तिथेच असते.

मीही पहिलं जवळजवळ वर्षभर याच जागी अडलो होतो. नंतर ज्यांना ज्यांना शिकवलं ते सगळे इथेच अडले. म्हणून हा प्रश्न मी ज्या क्रमाने सोडवतो, तो क्रम इथे लिहितोय. माझ्या अनुभवात दोष सापडतो तो बहुतेक वेळा ताण देणाऱ्या हातात. घरी बनवलेला पिक त्यात भर घालतो, कारण जाड, खडबडीत पिकमधून बोटांना आतलं काही कळतच नाही.

आधी दोन अटी. कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, आणि ते रोजच्या वापरातलं नको. दुसरी अट लोक हलक्यात घेतात. पिकने पिना आणि स्प्रिंगा घासल्या जातात, क्वचित एखादी स्प्रिंग वाकून पिन वरच अडकते, आणि रात्री अकरा वाजता घराचं दार किल्लीनेही उघडत नाही. भाड्याच्या घराचं किंवा सोसायटीच्या गच्चीचं कुलूप तर आपलं नसतंच. अवजारं घरातच ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात योग्य कारणाशिवाय घरफोडीचं साधन जवळ बाळगणं हा गुन्हा धरला आहे. ‘छंद आहे’ हे उत्तर रात्री रस्त्यावर द्यायची वेळ येऊ नये.

सर्वात आधी किल्ली बघा

आपल्याकडे पहिली चूक इथेच होते. परदेशी व्हिडिओ बघून पिक घेतले जातात आणि समोर ठेवलं जातं घरातलं जुनं, जड, चपटं कुलूप. त्याची किल्ली म्हणजे गोल दांडी आणि टोकाला पायऱ्या-पायऱ्यांचं पान. हे लिव्हरचं कुलूप. आत पिना नसतातच, एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या असतात. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागमध्ये कुलपांचा कारखाना काढला, अलीगढच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कुलपं घडवली, आणि दांडीच्या किल्लीचं लिव्हर कुलूप आपल्या घराघरांत रुजलं. म्हणून ‘कुलूप’ म्हटलं की आपल्या हातात तेच येतं. टोक वर वळलेला हुक पिक त्यात तासभर फिरवला तरी काही होणार नाही. त्याचं अवजार वेगळं, रीत वेगळी, आणि ते पहिलं कुलूप नव्हे.

किल्ली चपटी आणि तिच्या एका कडेला डोंगरासारखे दाते असतील तर ते पिन कुलूप. १८६० च्या दशकात लायनस येल धाकटे यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेली रचना मुळात हीच. शिकायला हेच घ्या. किल्लीच्या सपाट अंगावर खळगे असतील, ज्याला किल्लीवाले ‘कॉम्प्युटर चावी’ म्हणतात, तर ते वर्षभराने. टेबलाच्या खणाची, पत्रपेटीची छोटी कुलपं बहुधा वेफरची, म्हणजे पिनांऐवजी पातळ चकत्यांची, असतात. ती पटकन उघडतात, त्यामुळे हुरूप येतो, पण त्यांच्यावर पिनांची जाण तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट किल्लीनेच तपासून घ्या: कुलूप कोणत्या दिशेला फिरतं. उलट दिशेने ताण देऊन महिनाभर झगडलेली माणसं मी पाहिली आहेत.

एका वेळी एकच पिन अडते

आतली रचना थोडक्यात अशी. बाहेर स्थिर पितळी अंग, त्यात फिरणारा गोल प्लग. प्लगमध्ये एका रांगेत भोकं, प्रत्येक भोकात खाली किल्लीची पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन, सर्वांत वर स्प्रिंग. ड्रायव्हर पिना अर्ध्या प्लगमध्ये उतरलेल्या असतात म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की दोन पिनांमधला सांधा प्लगच्या कडेला येतो. या कडेलाच शिअर लाइन म्हणतात. सगळे सांधे त्या रेषेवर आले की प्लग मोकळा.

पिकने हे जमतं ते कारखान्यातल्या फरकामुळे. पाचही भोकं तंतोतंत एका ओळीत पाडणं शक्य नसतं. एखादं भोक केसाच्या अंशाइतकं डावीकडे, एखादं उजवीकडे. त्यामुळे प्लगवर ताण दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत, सर्वांत बाजूला गेलेली एकच आधी अडकते. ती बसवली की प्लग किंचित फिरतो आणि मग दुसरी अडते. हा क्रम पुढून मागे असेलच असं नाही. एखाद्या कुलपात तीन, एक, पाच, दोन, चार असा असू शकतो, आणि त्या कुलपाचा क्रम बहुधा तोच राहतो.

ही गोष्ट मला वाचून कळली नव्हती. आमच्या स्टेशनबाहेर एक किल्लीवाले काका बसायचे. हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी करताना ते कोरी किल्ली कुलपात घालून दाबून फिरवायचे, वर-खाली हलवायचे, बाहेर काढून उन्हात धरायचे. पितळेवर जिथे चकचकीत ठिपका उमटला असेल तिथेच कानशीचे दोन हात. परत आत, परत बाहेर. पाच पिना असून ठिपका एका वेळी एक-दोन ठिकाणीच का उमटतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘जी अडली तीच खूण करणार ना!’ पिकिंग करताना आपण नेमकी हीच अडलेली पिन शोधत असतो. फरक इतकाच की त्यांना ती उन्हात दिसते, आपल्याला ती बोटांनी ओळखावी लागते.

ताण किती?

नवशिका जवळजवळ नेहमी तिप्पट-चौपट ताण देतो. पिन अडली की बोट आपोआप जोर लावतं. ताण जास्त झाला की एकीऐवजी तीन-चार पिना एकदम अडतात, सगळ्या सारख्याच कडक लागतात, आणि कोणती पहिली ते कळायचा मार्गच बंद होतो. घरी बनवलेला पिक याच वेळी वाकतो, आणि दोष पोलादाला दिला जातो.

चिकू पिकलाय का हे बघताना त्यावर बोट ठेवून जेवढं दाबतो, तेवढा दाब टेन्शनरवर, म्हणजे खाचेत घालून प्लगला ताण देणाऱ्या वाकवलेल्या पट्टीवर, पुरे. बोटाच्या नखाचा रंग पांढरा पडत असेल तर ताण जास्त आहे. टेन्शनरच्या टोकाजवळ बोट ठेवा, वळणाजवळ नको. टोकाशी कमी जोरात जास्त नियंत्रण मिळतं.

आता हा प्रयोग करा. ताण अजिबात न देता पिक आत घालून प्रत्येक पिन वर उचला आणि सोडा. पाचही पिना स्प्रिंगच्या जोराने परत येतील. हे मोजा, मोठ्याने मोजा. पिनांमधलं अंतर साधारण ४ मिलिमीटर असतं, त्यामुळे पिक किती आत गेला की कितवी पिन, हे हाताला दोन दिवसांत कळतं. ज्याला पिना मोजता येत नाहीत, त्याने पुढे जाऊ नये.

मग अगदी हलका ताण द्या आणि पुन्हा प्रत्येक पिनेला स्पर्श करा. चारच प्रकार जाणवतील. स्प्रिंगसारखी वर-खाली होणारी पिन अजून अडलेली नाही, तिला सोडून द्या. कडक, हट्टी लागणारी ती अडलेली, काम हिच्यावर. जी खाली सैल पडते, हलवली तर मोकळी हलते पण स्प्रिंगचा जोर जाणवत नाही, ती बसलेली. आणि जी दगडासारखी घट्ट, जराही हलत नाही, ती गरजेपेक्षा वर गेलेली. पाचव्या पिनेवर अडलेल्या माणसाला मी हीच फेरी पुन्हा करायला लावतो. ज्या पिना तो बसल्या असं समजत असतो, त्यातली एखादी अजून स्प्रिंगवर नाचत असते किंवा वर जाऊन अडकलेली असते. अडचण पाचवीत नसतेच.

टाळ्याच्या कुलपात, म्हणजे कडी असलेल्या पॅडलॉकमध्ये, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो कुणी सांगत नाही. अनेक पॅडलॉकमध्ये प्लगला परत जागेवर आणणारी स्प्रिंग असते. किल्ली सोडली की ती आपोआप मागे येते, यावरून ओळखता येतं. इथे चिकूएवढा ताण त्या स्प्रिंगलाच पुरतो, पिनांपर्यंत पोचत नाही. मग पाचही पिना शेवटपर्यंत स्प्रिंगवरच राहतात आणि माणूस म्हणतो, काहीच अडत नाही. अशा कुलपात ताण हळूहळू वाढवत न्या आणि पहिली पिन कडक लागली की तिथेच थांबा. म्हणूनच शिकायला मी पॅडलॉकऐवजी दाराचा सुटा सिलिंडर घ्यायला सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, हातात बसतो आणि त्यात मागे ओढणारी स्प्रिंग नसते.

पिन जास्त वर गेली

ड्रायव्हर पिन रेषेच्या वर गेली, पण तिच्यामागोमाग किल्लीची पिनही रेषा ओलांडून अर्धी वर घुसली, तर प्लग तिच्यावर अडतो. हे घडतं दोन कारणांनी: ताण जास्त आहे, किंवा पिकचं टोक शेजारच्या पिनेला नकळत उचलतंय. दुसरं कारण घरगुती पिकमध्ये फार आढळतं, कारण दांडी जाड राहिलेली असते. मागची पाचवी पिन उचलताना दांडीचा मधला भाग पहिल्या-दुसऱ्या पिनेला वर ढकलतो.

उपाय: ताण एकदम सोडू नका. बोट इतकं हळू सैल करा की पिना एकेक करून पडताना ऐकू येतील. एक टिक ऐकू आली की थांबा आणि पुन्हा हलका ताण. पुष्कळदा वर गेलेली पिनच आधी खाली येते आणि बाकीच्या राहतात.

जास्त वर उचलणं हा कुलूपविद्येतला जुना मुद्दा आहे. जेरेमाया चब यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये डिटेक्टर कुलूप बनवलं, त्याची सगळी मदार यावरच होती. एखादा लिव्हर गरजेपेक्षा वर उचलला की तो अडकून बसायचा, आणि मालकाला किल्ली घालताच कळायचं की कुणीतरी हात घातला होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेले कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स यांनी ते साधारण पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. अडकलेला लिव्हर त्यांना उलट सांगत होता की मर्यादा कुठे आहे. त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या ब्रामा या कुलूप बनवणाऱ्यांच्या दुकानात खिडकीत आव्हान म्हणून लावलेलं कुलूपही उघडलं. २०० गिनींचं बक्षीस होतं आणि १७९० पासून ते कुणालाही उघडता आलं नव्हतं. त्याला हॉब्स यांना १६ दिवसांत पसरलेले ५१ तास लागले. अर्ध्या तासात कुलूप उघडलं नाही म्हणून पिक फेकणाऱ्या प्रत्येकाला मी हे ५१ तास सांगतो.

प्लग फिरला, पण उघडत नाही

प्लग चांगला दोन-चार अंश फिरतो, डोळ्यांनी दिसतो, आणि तिथेच थबकतो. पिना सगळ्या बसल्यासारख्या वाटतात. ही फसवी स्थिती आहे. आत स्पूल पिन आहे, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखी मध्ये कंबर असलेली ड्रायव्हर पिन. तिची कंबर शिअर लाइनवर आली की प्लगला थोडी जागा मिळते, आणि मग रिळाची खालची कड अडकते.

ओळखायची खूण अशी. प्रत्येक पिनेवर हळू दाब द्या. ज्या पिनेवर दाब देताच टेन्शनर तुमच्या बोटाविरुद्ध मागे ढकलला जातो, तीच स्पूल. इथे नवशिक्याची सहज प्रतिक्रिया म्हणजे ताण वाढवून प्लगला मागे जाऊ न देणं, आणि त्यामुळेच तो अडकून राहतो. प्लगला मागे येऊ द्या. ताण अगदी धाग्याएवढा ठेवा, पिन वर ढकलत राहा, कड सुटते आणि पिन बसते. त्या गडबडीत एखादी आधी बसलेली पिन पडेल. पडू द्या, ती परत बसवायची.

पहिल्या महिन्यात स्पूलचं कुलूप हाती घेऊच नये असं माझं मत. पण दुकानातून आणलेल्या सिलिंडरवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, म्हणून ही खूण माहीत असावी.

घरी बनवलेला पिक: कुठे चुकतं

पिक स्वतः बनवावा, असं मी आवर्जून सांगतो. पैसे वाचतात म्हणून नव्हे. टोक आपण घासलेलं असलं की ते आत कुठे आहे हे हाताला लवकर कळतं. पण डझनभर आकार बनवत बसू नका. एक छोटा हुक पुरे. सहा महिने पुरे.

हॅक्सॉ ब्लेड सगळ्यांच्या मनात पहिलं येतं. हाताच्या करवतीचं नेहमीचं ब्लेड ०.६३ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, आणि तयार पिकही साधारण ०.६ किंवा ०.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे जाडी जमते. मात्र दात दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात, ते पूर्ण घासून काढावे लागतात. ब्लेड घेताना ‘फ्लेक्सिबल’ किंवा ‘बायमेटल’ लिहिलेलं घ्या. आरपार कडक असलेलं हाय-स्पीड ब्लेड काचेसारखं तुटतं. माझा पहिला पिक असाच कुलपात तुटला आणि ५ मिलिमीटरचा तुकडा आत राहिला. तो निघाला खाच जमिनीकडे करून लाकडी दस्त्याने टिचक्या मारल्यावर, आणि मग चिमट्याने. ब्लेड मोडताना ते फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडा उडाला तर डोळाच गाठतो.

माझी पसंती मात्र फिलर गेजला. गॅरेजमध्ये मेकॅनिक वापरतात तो पट्ट्यांचा पंखा. स्प्रिंगचं पोलाद, दोन्ही अंगं गुळगुळीत, आणि प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली. ०.५ ची पट्टी पिकसाठी, ०.८ ते १ ची टेन्शनरसाठी. किल्लीची जाडी २ मिलिमीटरच्या आसपास असली तरी खाचेतल्या कंगोऱ्यांमुळे सरळ वाट त्याहून बरीच अरुंद असते, म्हणून ०.६ पेक्षा ०.५ जास्त मोकळा फिरतो. केसांची पिन आणि यू-पिन यांच्यावर वेळ घालवू नका. ती तार मऊ, प्रत्येक उचलीला थोडी वाकते, आणि पिन कडक आहे की तार वाकतेय हे समजत नाही.

आकार कागदावर काढून पट्टीवर चिकटवा. दांडीची उंची २ ते २.५ मिलिमीटर, कामाची लांबी ३० मिलिमीटर, टोक दांडीच्या वर साधारण २ मिलिमीटर उचललेलं. ग्राइंडरवर घासताना सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. पोलाद तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. शेजारी पाण्याचा वाडगा ठेवा आणि हातमोजा न घालता पट्टी धरा. बोटांना चटका बसायला लागला की पाण्यात बुडवा. पातळ टोक एका क्षणात तापतं. रंगावर लक्ष ठेवा: गवतासारखी पिवळी छटा आली तरी चालतं, निळी आली की ती शेवटची हद्द, आणि निळा जाऊन करडा पडला की ती जागा मऊ झाली. तो पिक तिथेच वाकणार, कितीही सरळ केला तरी. ते टोक कापून टाका आणि मागून नवं घडवा. ग्राइंडर नसेल तर कानस पुरते, वेळ लागतो पण पाणी उतरायची भीती नाही. मी अजूनही शेवटचा मिलिमीटर कानशीनेच घेतो.

नंतरचं काम बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच पिक वाया जातो. ग्राइंडरच्या खुणा पिकवर आडव्या असतात, त्या पिनांच्या कडांना अडकतात. पिक आत-बाहेर करताना होणारी खरखर बोटांपर्यंत जाते आणि पिनेची टिक तिच्यात बुडून जाते. पॉलिश पेपर आधी २२०, मग ४००, मग ८००, शेवटी १२००, आणि घासायचं पिकच्या लांबीच्या दिशेने. सगळ्या काटकोनी कडा मोडा. टोक गोल, पण बोथट नको. तपासणी सोपी आहे: पिक जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ओढा. धागा ओढला गेला तर अजून घासायचाय.

टेन्शनरकडे कुणी लक्ष देत नाही, खरं तर निम्मं काम त्याचं. गाडीच्या जुन्या वायपरमध्ये रबराच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या असतात, त्या टेन्शनरसाठी उत्तम. वाकवताना काटकोनात एकदम मोडू नका, जाड खिळ्याभोवती गोलाई देऊन वाकवा. फिलर गेजची किंवा ब्लेडची पट्टी थंड वाकवली तर तुटते. वळणाची जागा गॅसवर लाल करून वाकवा आणि आपोआप गार होऊ द्या. पाण्यात टाकलीत तर पुन्हा ठिसूळ होईल. वळण थोडं मऊ राहतं, पण हलक्या ताणाला ते चालतं. तोंडाची रुंदी कानशीने अशी जमवा की टेन्शनर खाचेत लटपटणार नाही. लटपटणारा टेन्शनर प्रत्येक पिनेगणिक थोडा सरकतो, ताण बदलतो आणि बसलेली पिन पडते. हे दुखणं फार जणांचं असतं आणि ते सापडतं फार उशिरा. टेन्शनर पिनांच्या विरुद्ध टोकाला बसवलात की पिकला जागा कमी पडते. ती अडचण होत असेल तर तो पिनांच्या बाजूला, खाचेच्या अगदी तोंडाशी बसवून बघा, फक्त पहिल्या पिनेला टेकता कामा नये.

तेल घातलेलं कुलूप

आपल्याकडे कुलूप जड झालं की खोबरेल तेल घालायची सवय आहे. थंडीत ते आत गोठतं, पावसाळ्यात धूळ धरतं, आणि वर्षभरात पिनांवर चिकट थर बसतो. अशा कुलपात पिन उचलली की स्प्रिंग तिला खाली ढकलू शकत नाही, ती वरच चिकटून राहते आणि आपल्याला वाटतं बसली. जुनं कुलूप सरावाला घेतलंत तर आधी रॉकेल किंवा पेट्रोलने, उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर, धुऊन काढा, पूर्ण सुकवा, मग ग्रॅफाइटची पूड घाला. मऊ पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून निघालेली पूडही चालते. कोकणातल्या समुद्राकाठचं कुलूप असेल तर स्प्रिंगा गंजलेल्या असण्याची शक्यता धरा; ते सरावाला घेऊच नका.

परातीतला सराव

हे सगळं तपासूनही पाचवी पिन बसत नसेल, तर कुलूप सोपं करा. सिलिंडरच्या मागची क्लिप काढा, किल्ली घालून प्लग थोडा फिरवा, आणि मागून प्लगच्या व्यासाइतकाच जाड लाकडी दांडा ढकलत प्लग पुढे काढा. दांडा आणि प्लग एकमेकांना चिकटून राहिले पाहिजेत, फट पडली की ड्रायव्हर पिना आणि स्प्रिंगा उडतात. म्हणून हे काम मोठ्या परातीत जाड टॉवेल अंथरून करावं. आमच्या घरात एक स्प्रिंग दोन वर्षांनी गव्हाच्या डब्यामागे सापडली.

पिना ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवा. आता फक्त पहिल्या भोकात पिन, ड्रायव्हर आणि स्प्रिंग ठेवून सिलिंडर जोडा. एका पिनेचं कुलूप. ते उघडताना ताण किती लागतो, पिन बसताना बोटाला नेमकं काय कळतं, प्लग किती फिरतो, हे शंभर वेळा अनुभवा. मग दोन पिना. इथे पहिल्यांदा क्रम समोर येतो: कोणती आधी अडते? अंदाज करा, उघडा, पडताळा. मग तीन. बहुतेकांना तीनवरून चारवर जाताना आठवडा लागतो आणि चारवरून पाचवर एक दिवस.

पाचवी पिन घातल्यावर लगेच उघडलं नाही, तर तिला काढून परत चारवर या, तीनदा उघडा, मग पुन्हा घाला. डोळे मिटून करा. डोळे उघडे असले की माणूस खाचेत बघत राहतो, आणि खाचेत बघण्यासारखं काही नसतं. रोज वीस मिनिटं पुरतात. बोट दुखायला लागलं तर ताण पुन्हा वाढलाय असं समजा आणि त्या दिवसापुरतं थांबा. उठण्यापूर्वी सिलिंडर मूळ किल्लीने दोन्ही बाजूंना एकदा फिरवून बघा. ती अडत असेल तर एखादी पिन वर राहिली आहे, तिला खाली आणल्याशिवाय कुलूप खणात टाकू नका.